परतीची दिशा : अंजदीव, बसरूर आणि काही हिशेब



समुद्रापासून सव्वाशे किलोमीटर दूर, अमरगोळसारख्या बाजार समितीच्या गावात दवाखाना चालवणाऱ्या माणसाने नौकानयनाच्या इतिहासावर बोलावे, हे थोडे विचित्र आहे. मंडळाच्या चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा मी तो चाचरतच सांगितला. पण समुद्र आपल्याला वाटतो तितका परका नाही. धारवाड भागातला कापूस बैलगाड्यांतून घाट उतरून कुमट्याला जाई, आणि तिथून गलबतात चढून परदेशी गेला की बाजारात त्याचे नावच ‘कुमटा’ होई. अमेरिकेतल्या यादवीच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ मध्ये, या व्यापाराला मोठी भरती आली. आपल्यापैकी काहींच्या घरची जुनी खातेवही उघडली तर त्यात कुमट्याच्या अडत्याचे नाव सापडायला हरकत नाही.

माझ्या मनात मात्र हा विषय आजीमुळे आला. आम्हा जैनांत श्रावकाच्या व्रतांपैकी एक दिग्व्रत आहे. दाही दिशांना आपण कुठपर्यंत जाऊ, त्याच्या मर्यादा आधी ठरवायच्या आणि त्या आयुष्यभर ओलांडायच्या नाहीत. समंतभद्राचार्यांच्या ‘रत्नकरंडक श्रावकाचारा’त या मर्यादा कशाने आखाव्यात तेही सांगितले आहे : समुद्र, नदी, अरण्य, पर्वत, देश, योजने. आजीची उत्तरेची हद्द कृष्णा, दक्षिणेची श्रवणबेळगोळ, पूर्वेची गदग आणि पश्चिमेची गोकर्णाचा समुद्र. या व्रतात दोष कशाने लागतो, याची यादी तत्त्वार्थसूत्रात आहे. वर, खाली किंवा तिरपे हद्दीपलीकडे जाणे हे त्यात आहेच. हद्द वाढवून घेणेही आहे. शेवटचा दोष मला लहानपणी गमतीचा वाटे : आपण आखलेली मर्यादा विसरून जाणे. विसरणे हा काय गुन्हा? पुढे दर्यावर्दी लोकांची पुस्तके वाचली तेव्हा कळले की समुद्रावर खरा गुन्हा तोच. किती आलो आणि कोणत्या दिशेने आलो हे विसरला, त्याला परतीची वाट नाही.

विसरण्याचा एक नमुना मी स्वतः गिरवला आहे. १९८२ साली आम्ही चार विद्यार्थी दांडेलीच्या जंगलात गेलो होतो. एकाकडे होकायंत्र होते आणि ते वापरता येते असा आम्हा चौघांचाही समज होता. मुक्कामापासून आम्ही २४० अंशांच्या दिशेने तासभर चाललो. मग एक नाला लागला. त्याच्या काठाने, ३३० अंशांनी, आणखी अर्धा तास गेलो. ऊन उतरू लागले तसे परत फिरायचे ठरले. आमच्या पुढाऱ्याने पाठ केलेला नियम म्हटला : गेलेल्या दिशेत १८० मिळवा, ३६० च्या वर गेले तर १८० वजा करा. २४० मधून १८० गेले, राहिले ६०. आम्ही ६० धरून निघालो. नाल्याकाठचा तुकडा कोणाच्या ध्यानातच राहिला नाही. भरीला, अंधारू लागल्यावर पुढारी होकायंत्र पोलादी बॅटरीला टेकवून वाचत होता, त्यामुळे काटाही आपल्या मनाने फिरत होता. तासाभराने जिथे मुक्काम असायला हवा होता तिथे सागाखेरीज काही नव्हते.

आज कागदावर हे सोपे दिसते. पहिला तुकडा अंदाजे चार किलोमीटर, दुसरा दोन, आणि दोघांत नेमका काटकोन. परतीला दोन मार्ग होते. एक, उलट क्रमाने पावले मागे घ्यायची : आधी १५० अंशांनी अर्धा तास, मग ६० ने एक तास. दुसरा, सरळ मुक्कामाची दिशा काढायची. दोनाला चाराने भागले की येणारा कोन साडेसव्वीस अंशांचा, तो ६० मध्ये मिळवला की सुमारे ८७. म्हणजे जवळजवळ थेट पूर्व, अंतर साडेचार किलोमीटर. आम्ही मात्र मुक्कामाच्या वायव्येला दोन किलोमीटरवर, त्याला समांतर चालत होतो, आणि तसेच चालत राहिलो असतो तर रात्रभर त्यापासून दूरच गेलो असतो. आमच्या वैद्यकात हेरिंगचा म्हणून एक नियम सांगतात : लक्षणे ज्या क्रमाने आली त्याच्या उलट क्रमाने जातात. हा नियम परीक्षेत मी छान लिहिला होता. जंगलात तो आठवला नाही.

आम्हाला सोडवले ते एका धनगर गवळ्याने. कारवार जिल्ह्याच्या त्या जंगलात हे लोक आजही घरात मराठीची एक बोली बोलतात. त्याने होकायंत्राकडे पाहिलेसुद्धा नाही. त्याने एवढेच विचारले, “नाला कुठल्या हाताला धरून गेलात?” उजव्या, असे कळल्यावर त्याने आम्हाला नाल्याशी नेले, तो डाव्या हाताला धरायला लावला, आणि तासा-दीड तासाने आमच्या चुलीचा धूर दिसला.

किनाऱ्याने जाणाऱ्या आमच्या नाखव्यांची, तांडेलांची विद्या याच जातीची होती. कोकणातून दक्षिणेला उतरायचे तर जमीन डाव्या हाताला, परतताना उजव्या हाताला. एक देऊळ आणि त्यामागची टेकडी एका रेषेत आली की बंदराचे तोंड समोर. अंशांचे काम पडते ते जमीन दिसेनाशी झाल्यावर. त्या वेळी काय करीत? पाली दीघनिकायात दिशा दाखवणाऱ्या पक्ष्याचा उल्लेख आहे. गलबतावरून पक्षी सोडायचा. जमीन दिसली तर तो तिकडे जातो, नाही तर गलबतावर परततो. श्वेतांबर परंपरेच्या ‘ज्ञाताधर्मकथा’ या आगमात तर दिशा हरवलेल्या जहाजाची अख्खी गोष्टच आहे. वादळात सापडलेल्या जहाजाच्या निर्यामकाची, म्हणजे मार्ग दाखवणाऱ्याची, मती जाते, स्मृती जाते, कोणती दिशा कोणती ते कळेनासे होते. व्यापारी रडू लागतात. देवतांची आराधना केल्यावर त्याला भान येते आणि जहाज कालिकद्वीपाला लागते. डॉक्टर म्हणून मला यातले निदान फार पटते. वादळात आधी निर्यामकाचे डोके हरवते, आणि वाट त्यानंतर.

होकायंत्र आपल्याकडे कधी आले, या प्रश्नावर आपल्या लोकांना लगेच अभिमान चढतो. राधाकुमुद मुखर्जींच्या १९१२ सालच्या ‘इंडियन शिपिंग’ या ग्रंथात मत्स्ययंत्राचा उल्लेख आहे : तेलाच्या भांड्यात तरंगणारा लोखंडी मासा, तोंड उत्तरेला. तेवढ्यावरून होकायंत्र आम्हीच शोधले असे व्याख्यानांतून ठोकले जाते. मला तो पुरावा एवढा भार पेलणारा वाटत नाही. तरंगणाऱ्या लोखंडी माशाचे वर्णन चीनमध्ये १०४४ च्या युद्धशास्त्राच्या ग्रंथात आहे. १२८२ मध्ये बैलक अल् कबजकी या अरबी लेखकाने तर स्पष्टच लिहिले आहे की हिंदी महासागरातले खलाशी असा पोकळ लोखंडी मासा पाण्यावर सोडून दिशा ओळखतात. या समुद्रात तेराव्या शतकात मासा चालू होता, एवढे नक्की. तो कोणाच्या तळ्यातला, यावर भांडण्यात मला रस नाही. अरबी आणि कच्छी मालमींचे दिशाचक्र ३२ घरांचे होते, आणि त्या घरांची नावे कुठला तारा कुठे उगवतो आणि कुठे मावळतो यावरून पडलेली होती. उगवतीचे घर ठाऊक असले की त्याच ताऱ्याच्या मावळतीचे उत्तर-दक्षिण रेषेच्या दुसऱ्या बाजूला, तितक्याच अंतरावर. दिशा ताऱ्यांच्या नावांत बांधून ठेवण्याची ही युक्ती मला अंश मोजण्यापेक्षा अधिक सुंदर वाटते.

आता दोन प्रवास सांगतो. दोन्हींत जाण्याची दिशा ठाऊक होती, येण्याचीही ठाऊक होती, आणि तरीही परतीने घात केला.

पहिला वास्को द गामाचा. १४९८ च्या २४ एप्रिलला तो आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मालिंदीहून निघाला. बरोबर या समुद्राचा जाणता मार्गदर्शक होता, आणि नैर्ऋत्येचे वारे सुरू होत होते. १८ मे रोजी मलबारची जमीन दिसली, २० मे रोजी तो कालिकतला पोचला. महिनाही लागला नाही. परतताना तो आपल्या कारवारसमोरच्या अंजदीव बेटावर थांबला, जहाजांची डागडुजी केली आणि ५ ऑक्टोबरला निघाला. दिशा तीच, फक्त उलटी. पण ईशान्येचे वारे अजून बसले नव्हते. इथल्या कुठल्याही नाखव्याने त्याला सांगितले असते की अजून थोडे थांब. पुढे पडलेले वारे, नाहीतर समोरून येणारे. आफ्रिकेची जमीन दिसायला २ जानेवारी १४९९ उजाडली, म्हणजे जवळजवळ तीन महिने. या टप्प्यात त्याची तीस माणसे मेली. हिरड्या सुजून दातांवर चढल्या, पाय सुजले, अंग सुजले आणि माणसे गेली, असे त्या सफरीच्या रोजनिशीत नोंदवले आहे. हा स्कर्व्ही. ताज्या फळभाज्यांवाचून महिन्या-दोन महिन्यांत तो दिसू लागतो. जेम्स लिंडने संत्री-लिंबांचा गुण प्रयोगाने दाखवला तो १७४७ मध्ये, म्हणजे आणखी अडीचशे वर्षांनी. एकेका जहाजावर काम करू शकणारी सात-आठ माणसे उरली. मालिंदी सोडल्यावर ‘साव राफाएल’ हे जहाज जाळावे लागले, कारण ते हाकायला माणसेच नव्हती. होकायंत्र या सगळ्यात अचूक उत्तर दाखवत होते.

दुसरा प्रवास आपल्या घरचा : छत्रपती शिवाजी महाराजांची बसरूरची स्वारी. फेब्रुवारी १६६५ मध्ये ८५ लहान गलबते आणि तीन मोठी जहाजे घेऊन महाराज मालवणहून निघाले. सिंधुदुर्गाचे काम त्याच्या आदल्याच नोव्हेंबरात सुरू झाले होते. बसरूर हे बेदनूरच्या नायकांचे श्रीमंत बंदर, आजच्या कुंदापूरजवळचे. ते लुटून महाराज गोकर्णास आले, महाबळेश्वराचे दर्शन घेतले, बरेचसे आरमार परत पाठवले आणि चार हजार लोकांनिशी किनाऱ्याने वर सरकत २२ फेब्रुवारीला कारवारापाशी आले. तिथे खंडणी घेतली. इंग्रज वखारीच्या वाट्याला ११२ पौंड आले, आणि त्या रकमेमुळेच ही सगळी हकिकत इंग्रजी कागदात टिकली. माणूस दुसऱ्याचा पराक्रम विसरतो, स्वतःचा खर्च विसरत नाही.

ग्रँट डफने या सफरीविषयी एक वाक्य लिहिले आहे, ते आपण घाईने वाचून पुढे जातो. परतताना वायव्येच्या जोराच्या वाऱ्याने महाराजांना अपेक्षेपेक्षा अधिक दिवस अडकवून ठेवले, असे तो सांगतो. पुन्हा त्यांनी समुद्रावरची स्वारी स्वतः केली नाही, हेही तोच नोंदवतो. यावर कोणी म्हणतात महाराजांना समुद्र मानवला नाही, कोणी म्हणतात वादळ झाले. मी एका रविवारी दवाखाना बंद झाल्यावर नकाशा घेऊन हिशेब मांडला, तो तुमच्यासमोर ठेवतो.

मालवण १६ अंश ३ कला उत्तर, बसरूर १३ अंश ३८ कला. फरक १४५ कला, म्हणजे दक्षिणेला १४५ सागरी मैल, कारण अक्षांशाची एक कला म्हणजे एक सागरी मैल. रेखांशात मालवण ७३ अंश २८ कला, बसरूर ७४ अंश ४४ कला. फरक ७६ कला, पण रेखावृत्ते विषुववृत्तापासून वर येताना जवळ येतात, म्हणून या पट्ट्यात ७६ चे सुमारे साडेत्र्याहत्तर मैल होतात. १४५ दक्षिण आणि साडेत्र्याहत्तर पूर्व : अंतर १६३ मैल, दिशा १५३ अंश. ही रेघ नकाशावर ओढली तर ती मुरगावच्या नाकाला घासते आणि काब द रामापाशी चक्क जमिनीवरून जाते. तेव्हा प्रत्यक्षात थोडे बाहेरून जावे लागणार, पण एकूण कल तोच. उत्तरेचा, वायव्येचा वारा पाठीशी. उतारावरून गाडी सोडावी तशी गलबते गेली असणार.

आता परत या. १५३ अधिक १८०, झाले ३३३. वायव्य म्हणजे ३१५. ज्या दिशेने जायचे आणि ज्या दिशेने वारा येतो, त्यांत फक्त १८ अंशांचे अंतर. शिडाचे कुठलेही जहाज वाऱ्याच्या इतक्या तोंडात चालत नाही. आजची शर्यतीची नौकासुद्धा चाळीसएक अंश सोडूनच चालते. त्या काळच्या गलबताला याहून बरेच जास्त सोडावे लागे, मग एकदा समुद्राकडे आणि एकदा जमिनीकडे असे नागमोडी जावे लागे, आणि दिवसभर एवढे करून पुढे सरकायचे ते थोडेच. ३३३ हे उत्तर गणिताने बरोबर आहे. त्यावर चालता मात्र येत नाही.

मग किनाऱ्यावरचे लोक परतत कसे? हे मला माझ्या एका रुग्णाने सांगितले. कारवारकडचे वृद्ध तांडेल, मुलाच्या नोकरीमुळे नवनगरला येऊन राहिलेले, गुडघ्यांसाठी माझ्याकडे येत. दुपारी समुद्रावरून खारा वारा येतो, त्या वेळी वर जायचा हट्ट धरायचा नाही. नांगर टाकायचा, जेवायचे, झोपायचे. रात्री जमीन थंड होते आणि पहाटेपर्यंत जमिनीवरून मतलई वारा वाहतो. तो पूर्वेकडून येतो, म्हणजे ३३३ ला जाणाऱ्या गलबताच्या उजव्या कुशीवर. शीड भरते, किनाऱ्याच्या आडोशाने पाणीही शांत. उजाडेपर्यंत जितके जाता येईल तितके जायचे. तांडेल हे कोकणीत सांगत होते आणि गुडघ्याचे विसरून हातवारे करत होते. पण मतलई वारा किनाऱ्यालगतच मिळतो आणि रात्रीपुरताच. वायव्येचा वारा जोर धरून दिवसच्या दिवस राहिला की तोही दबतो. अशा वेळी खाडीत शिरून थांबणे, हाच उपाय.

महाराजांना थांबायला वेळ नव्हता. मिर्झाराजे जयसिंग दख्खनेत उतरले होते. ३ मार्च १६६५ रोजी ते पुण्यात दाखल झाले, मार्च संपायच्या आत पुरंदरला वेढा पडला, आणि जूनमध्ये पुरंदरचा तह झाला. समुद्रात गेलेल्या त्या थोड्या दिवसांनी तह टळला असता असे मी म्हणणार नाही, मोगलांची ताकद पाहता ते खरे वाटत नाही. पण ज्या राजाची सारी युद्धनीती मी अमुक दिवशी अमुक ठिकाणी असेन यावर उभी, त्याला परतीचा दिवस वाऱ्याच्या हाती देणे परवडणारे नव्हते. आरमार त्यांनी वाढवतच नेले. स्वतः मात्र घोड्यावर राहिले. मला यात समुद्राची भीती दिसत नाही, हिशेब दिसतो.

होकायंत्राच्या आणखी एका खोडीविषयी थोडक्यात सांगतो. काटा भूगोलाच्या उत्तरेकडे पाहत नाही, तो चुंबकीय उत्तरेकडे पाहतो. आपल्या भागात हा फरक सध्या एखाद्या अंशाच्या आसपास आहे, म्हणून तो विसरला तरी भागते. एक अंश चुकला तर साठ मैलांत एक मैल चुकतो. पण केपटाऊनजवळ हा फरक सुमारे २५ अंश पश्चिमेचा आहे. तो धरला नाही तर शंभर मैलांत माणूस बेचाळीस मैल भलतीकडे जातो.

त्या पाण्यातून जाऊन घरी परतलेला पहिला एकटा भारतीय मराठी आहे, हे आपल्या मुलांना सांगितले पाहिजे. नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे. कल्पना व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांची, नौका गोव्यातल्या दिवाड बेटावर रत्नाकर दांडेकर यांनी बांधलेली. १९ ऑगस्ट २००९ रोजी दोंदे मुंबईहून निघाले. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाऊन असे चारच थांबे घेऊन १९ मे २०१० रोजी मुंबईच्या पाण्यात परत आले. त्यांच्या परतीत १८० मिळवायचे नव्हतेच. पूर्वेला जात राहायचे, तीन मोठी भूशिरे डावीकडे टाकायची, की पृथ्वी गोल असल्यामुळे निघालो ते ठिकाण समोर येते. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी त्याच नौकेतून कुठेही न थांबता फिरून आले. हेच टॉमी २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरले, तेव्हा नियमानुसार उपग्रहाची मदत घ्यायची नव्हती. होकायंत्र, सेक्स्टंट आणि कागदी नकाशे, एवढ्यावर जायचे होते.

त्या पहिल्या नौकेचे नाव ‘म्हादई’. नाव गोव्यातल्या नदीचे, पण ती उगम पावते आपल्या शेजारच्या खानापूर तालुक्यात, भीमगडच्या रानात. तिचे पाणी मलप्रभेत वळवून हुबळी-धारवाडला आणावे म्हणून आपण किती वर्षे मोर्चे पाहत आहोत, ते मी सांगायला नको. नदीचे पाणी इकडे वळेल तेव्हा वळेल, तिच्या नावाची नौका मात्र पृथ्वीला वळसा घालून आली.

आजीने पश्चिमेची हद्द एकदाच गाठली. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. कलघटगी, यल्लापूर, मग आरबैल घाट उतरून अंकोला, आणि तिथून गोकर्ण. परवा हिशेब केला : अमरगोळहून गोकर्णाची सरळ दिशा २२० अंश, अंतर ६७ सागरी मैल. परतीची ४०. आजी वाळूवर उभी राहिली, लाट पायाला लागताच दोन पावले मागे सरली, आणि मला विचारले, “आपलं घर कुठल्या अंगाला रे?” मी समुद्राकडे पाठ करून सरळ समोर, पूर्वेला, बोट दाखवले. ते पन्नास अंशांनी चुकले होते.